लोकअदालतीचा मेसेज येतो, पण कोर्टाच्या साइटवर केस सापडत नाही: ई-चलान नेमकं कुठे आहे हे कसं शोधायचं

दर तीन महिन्यांनी आमच्या सोसायटीत तोच प्रयोग लागतो. राष्ट्रीय लोकअदालतीचा शनिवार जवळ आला की कुणाच्या तरी मोबाईलवर मेसेज येतो: आपल्या वाहनावर ई-चलान प्रलंबित आहे, लोकअदालतीत तडजोड करा, नाहीतर न्यायालयीन कारवाई होईल. या वेळी पाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची होती. सकाळी साडेसातला बेल. "अरे, माझ्यावर कोर्टात केस झालीय म्हणे. रात्रभर साइटवर नाव टाकून बघतोय, 'रेकॉर्ड सापडले नाही' म्हणतंय. फाईल गहाळ केली की काय?"

गहाळ झालेली नव्हती. मेसेज ज्या चलानाचा होता, त्याची कोर्टात फाईल उघडलेलीच नव्हती. आणि ज्याची उघडली होती, त्याचा मेसेज काकांना आलाच नव्हता. पण ते नंतर.

पूर्वी हे सोपं होतं. चौकात मामा शिट्टी मारायचे, पावती फाडायचे, आपण चरफडत पैसे द्यायचो आणि विषय तिथेच संपायचा. आता पावती कुणी फाडत नाही. कॅमेऱ्याने किंवा हातातल्या मशीनने नोंद होते आणि ती नोंद एका सरकारी व्यवस्थेतून दुसरीत सरकत राहते. म्हणून पैसे भरायच्या, भांडायच्या किंवा वकील गाठायच्या आधी चलान आज कुठे आहे एवढंच शोधायचं. चुकीच्या खिडकीवर उभं राहिलं की खरं चलानही सापडत नाही आणि खोटं चलानही खोडता येत नाही.

त्याआधी मेसेज खरा आहे का ते बघा. 'आरटीओ चलान' अशा नावाची एपीके फाईल व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती उघडायची नाही. कुठलंही सरकारी चलान एपीके फाईल म्हणून येत नाही. तसलं ॲप मोबाईलमध्ये शिरलं की बँकेचे ओटीपी वाचतं. मेसेजमधल्या लिंकवरही बोट ठेवू नका. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना, ते बघा. माझा तर सरळ नियम आहे: मेसेज खरा असो वा खोटा, तो फक्त आठवण समजायची आणि शोध आपल्या हाताने घ्यायचा.

दोन पोर्टल

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. शहर आणि महामार्ग वाहतूक पोलिसांची चलानं राज्याच्या महाट्रॅफिक ई-चलान साइटवर दिसतात. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी येते. हे आकडे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. आरटीओच्या अधिकाऱ्यांनी, म्हणजे त्या वायुवेग पथकांनी केलेली चलानं मात्र केंद्राच्या परिवहन ई-चलान साइटवर असतात. दुसऱ्या राज्यातली बरीचशी चलानंही तिथेच सापडतात. गोव्याला स्वतःची गाडी घेऊन जाऊन आला असाल तर ही दुसरी साइट उघडल्याशिवाय 'माझ्यावर काही नाही' असं म्हणू नका.

बहुतेक लोक पहिलीच साइट बघतात. काकांनी तीही बघितली नव्हती, थेट कोर्टाची उघडली होती. पहिल्या साइटवर त्यांची दोन चलानं निघाली. एक नो-पार्किंगचं, ते त्यांनी लगेच कबूल केलं. दुसरं सिग्नल तोडल्याचं, आणि त्यावर ते भडकले, कारण त्या चौकात ते दोन वर्षांत गेले नव्हते.

लोकअदालतीचा मेसेज म्हणजे खटला नव्हे

न भरलेली ई-चलानं लोकअदालतीत बहुतेक वेळा 'दाखलपूर्व प्रकरण' म्हणून ठेवली जातात. शब्दातच उत्तर आहे. प्रकरण दाखल व्हायच्या आधीचं, म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढे अजून गेलेलं नाही. खटला क्रमांक पडलेला नाही, म्हणून ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी साइटवर, तुमचं नाव कितीही वेळा टाका, काही येणार नाही. ही यंत्रणा १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली चालते. तिथे कोर्ट फी लागत नाही, वकिलाचीही गरज पडत नाही. तिथे तडजोड झाली की निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या तोडीचा होतो आणि त्यावर अपील नसतं. अपील नसतं हे नीट लक्षात घ्या. चलान चुकीचं आहे असं तुमचं ठाम म्हणणं असेल, तर केवळ दंड कमी होतोय म्हणून तिथे तडजोडीवर सही करायची का, हे घरून ठरवून जा.

सवलत मिळतेच का? दरवेळी नाही आणि सगळीकडे सारखी नाही. मागच्या खेपेला मेव्हण्याला मिळाली म्हणून तुम्हाला मिळेल असं नाही. गेलात तर आरसीची प्रत, चलानाचा छापील तपशील आणि ओळखपत्र न्या, आणि पावती हातात पडल्याशिवाय तिथून हलू नका. नंतर आठवडाभराने पोर्टल पुन्हा उघडा. पावती असूनही चलान 'प्रलंबित' दिसत असेल तर ती पावतीच तुमचं हत्यार.

गेलात नाही तर? त्याच दिवशी कुणी घरी बेड्या घेऊन येत नाही. प्रकरण वाहतूक शाखेकडे परत जातं आणि पुढे कधीतरी खरोखर कोर्टात जाऊ शकतं.

इथे व्हॉट्सॲपवरचा एक लाडका दावा मध्ये येतो: 'सहा महिने झाले की चलान आपोआप रद्द.' यात थोडं तथ्य आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायची, ही मुदत पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८मध्ये होती. १ जुलै २०२४पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४मध्ये आहे. पण ही मुदत कोर्टाने दखल घेण्यावर आहे. पोर्टलवरची नोंद त्याने पुसली जात नाही, आणि योग्य कारण असेल तर कोर्ट उशीर माफही करू शकतं. हा मुद्दा कोर्टात मांडायचा असतो, सिग्नलवर गाडी अडवलेल्या हवालदारासमोर नव्हे. तिथे मांडलेला मी पाहिलाय. काही उपयोग झाला नाही.

आभासी न्यायालय: इथे खरी केस सापडू शकते

काकांना मी विचारलं, गेल्या वर्षभरात आरटीओने कुठे अडवलं होतं का? बराच वेळ आठवून ते म्हणाले, "साताऱ्याच्या रस्त्यावर एकदा थांबवलं होतं. पट्टा लावला नव्हता. त्यांनी मशीनमध्ये काहीतरी टाइप केलं, मी दोन शब्द गोड बोललो, त्यांनी जा म्हणून सांगितलं. सोडून दिलं ना!"

सोडलं नव्हतं. सीटबेल्टचं चलान झालं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी खाली त्याला हजार रुपये दंड आहे. परिवहनच्या साइटवर त्यासमोर 'न्यायालयाकडे पाठवले' अशा अर्थाचा शेरा होता. पैसे भरायचं बटण तिथून गायब झालेलं.

असं दिसलं की आभासी न्यायालयाची, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाची, साइट उघडायची. देशातलं पहिलं आभासी न्यायालय २०१९मध्ये दिल्लीत सुरू झालं. महाराष्ट्रातल्या वाहतूक चलानांसाठीचं ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला सुरू झालं. म्हणून पुण्यातल्या माणसाच्या चलानाचा नागपूरशी संबंध दिसला तर दचकू नका, तुम्हाला तिकडे जायचं नाहीये. यादीतून महाराष्ट्राचा योग्य विभाग निवडायचा आणि गाडीचा नंबर, चलान क्रमांक किंवा नावाने शोधायचं. केस असेल तर प्रस्तावित दंड दिसतो आणि दोन वाटा असतात: दंड भरून प्रकरण निकाली काढायचं किंवा ते लढवायचं. लढवतो म्हटलं की प्रकरण चलान जिथे झालं तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडे वर्ग होतं आणि तारखेला जावं लागतं. हे बटण रागाच्या भरात दाबू नका. हजार रुपयांसाठी तीन रजा टाकाव्या लागल्या की राग कुणाचा कुणावर, हेच कळेनासं होतं. चलान खरोखर चुकीचं असेल आणि पुरावा हाताशी असेल, तर मात्र जरूर दाबा.

आणि काकांना मेसेज का आला नाही? आरसीला जोडलेला मोबाईल नंबर त्यांच्या जुन्या ड्रायव्हरचा होता. गाडी घेताना शोरूममध्ये तोच गेला होता, त्याने स्वतःचा दिला. गावी गेलेला तो बिचारा दोन वर्षं काकांची चलानं वाचत बसला असेल. परिवहनच्या वाहन सेवेत नंबर बदलता येतो. एवढं पोस्ट वाचून काही करायचं नसेल तर निदान तेवढं आज करा.

नेहमीच्या कोर्टात केस शोधताना

दारू पिऊन गाडी चालवण्याचं प्रकरण (कलम १८५) जागेवर तडजोडीने मिटत नाही, ते कोर्टातच जातं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अशी प्रकरणं, लढवायला घेतलेली चलानं आणि समन्स निघालेली जुनी चलानं ई-कोर्ट्सच्या जिल्हा न्यायालय विभागात सापडतात.

हातात सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल तर काम एका मिनिटाचं. तो सोळा जागांचा असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग कोर्टाचे दोन आकडे, प्रकरणाचे सहा आणि शेवटी वर्षाचे चार. मध्ये रेघ किंवा मोकळी जागा न सोडता टाकायचा. समन्सवर तो बहुधा असतो. नसला तर प्रकरण क्रमांक आणि वर्ष असतंच. आपल्याकडे वाहतुकीची किरकोळ प्रकरणं 'एससीसी' म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला या प्रकारात नोंदली जातात आणि मोठी 'आरसीसी' म्हणजे नियमित फौजदारी खटल्यात. यादीत हे दोन्ही प्रकार तपासा. अपघाताच्या भरपाईचा दावा शोधत असाल तर 'एमएसीपी' निवडावं लागतं. तो वेगळा न्यायाधिकरणाचा मामला, चलानाशी त्याची गल्लत नको.

नावाने शोधताना लोक हमखास अडकतात. साइटवर नावं बहुतेक इंग्रजी अक्षरांत असतात आणि ती आरसीवरून उचललेली असतात. कुलकर्णीच्या शेवटी आय आहे की वाय, दीक्षितमध्ये एक ई की दोन, चौधरीत डब्ल्यू की यू, यावर शोध यशस्वी होतो किंवा फसतो. म्हणून पूर्ण नाव टाकूच नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि यादी चाळा. गाडी कंपनीच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर तुमचं नाव कधीच सापडणार नाही, कारण प्रकरण आरसीवरच्या मालकावर असतं. साइट सुरुवातीला 'प्रलंबित' प्रकरणंच दाखवते. निकाली निघालेलं प्रकरण बघायचं तर 'दोन्ही' निवडा. वर्ष टाकताना गुन्ह्याचं वर्ष टाकायचं नाही, नोंदणीचं टाकायचं. डिसेंबरचं चलान कोर्टात पोहोचतं तेव्हा बहुधा नवीन वर्ष उजाडलेलं असतं.

आणि कोर्ट संकुल बरोबर निवडा. पुण्यात शिवाजीनगरचं नाव तोंडावर असतं, पण तालुक्याच्या हद्दीतलं चलान त्या तालुक्याच्या कोर्टात जातं. मुंबईत तर गिरगाव, माझगाव, दादर, कुर्ला, अंधेरी, बोरिवली अशी वेगवेगळी संकुलं आहेत. तुम्ही राहता त्या भागातलं निवडू नका, चलान जिथे झालं तिथलं निवडा. बोरिवलीच्या माणसाचं चलान माहीमला झालं असेल तर बोरिवलीत शोधणं व्यर्थ.

केस सापडली आणि तारीख उलटून गेलेली दिसली तर घाबरून गप्प बसू नका. लवकरात लवकर त्या कोर्टात जाऊन हजर व्हा. किरकोळ प्रकरणात बहुतेक वेळा दंड भरून त्याच दिवशी सुटका होते. वॉरंट निघालं असेल तर मात्र वकील घ्या, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे वेळेवर न चढण्यानेच प्रकरण वाढतं.

'ही गाडी माझी नाही'

आता काकांचं ते सिग्नलचं चलान. पोर्टलवर फोटो होता. गाडी पांढरी, मॉडेल तेच, पण नीट मोठं करून पाहिलं तर नंबर एमएच १४चा होता आणि काकांची एमएच १२ची. बाकीचे आकडे तेच. नोंद करताना एका आकड्याचा फरक पडला, एवढंच.

फोटो पाहिल्या दिवशीच सेव्ह करून ठेवा. मग बघा: नंबर प्लेट, रंग, मॉडेल, मागच्या काचेवरचं स्टिकर, गाडीला कॅरिअर आहे का, चालवणारा कोण. फोटोतली जागा आणि चलानावरची जागा जुळते का? वेळ जुळते का? पूर्वी खासगी मोबाईलवर फोटो काढून चलान नंतर सवडीने भरलं जायचं, त्यामुळे ठिकाण-वेळेचे असे घोळ व्हायचे. जुलै २०२५मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी खासगी मोबाईल वापरायला मनाई केली ती याच तक्रारींमुळे.

तक्रार पोर्टलवरच्या तक्रार विभागातून करता येते. त्यात भावना नकोत. 'मी ज्येष्ठ नागरिक असून चाळीस वर्षं नियम पाळतो' हे काकांनी लिहिलेलं वाक्य मी काढून टाकलं. चलान क्रमांक, फोटोतला नंबर, आपला नंबर, दोन फोटो शेजारी शेजारी, आरसीची प्रत. बस. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवायला फास्टॅगचं विवरण फार कामाचं असतं. त्यात टोलनाका, तारीख, वेळ सगळं असतं. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकासह लेखी अर्ज घेऊन वाहतूक शाखेत जा आणि पोच घ्या.

फोटोत हुबेहूब तुमचाच नंबर आणि गाडी मात्र दुसरी, असं दिसलं तर ती साधी चूक नाही. कुणीतरी तुमच्या नंबरची प्लेट लावून फिरतंय. मग चलानाची तक्रार पुरेशी नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पहिला फोन तुम्हालाच येईल.

कॅमेऱ्याच्या चलानाबद्दल एक नियम माहीत असलेला बरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१मध्ये नियम १६७ए आला. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायची असते आणि चलान निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४पासून कॅमेरे चलानं करू लागले, तेव्हापासून घाटातल्या वेगाची आणि लेनची चलानं आमच्या ग्रुपवर रोजची झाली. तिथलं चलान आव्हानाला घ्यायचं तर वेग मोजल्याचा तपशील आणि फोटो मागा. नुसतं 'मी हळूच होतो' चालत नाही.

चुकीचं चलान पाचशेचंच आहे म्हणून भरून टाकायचं का? मी नको म्हणतो. कलम १७७च्या साध्या गुन्ह्यांना पहिल्यांदा पाचशेपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी दीड हजारांपर्यंत. आज कंटाळून कबूल केलेलं दुसऱ्याचं चलान उद्या तुमचं पहिलं चलान म्हणून मोजलं जाऊ शकतं.

विकलेल्या गाडीची चलानं

यात मीच पोळलोय. वडिलांची स्कूटर मी ओळखीच्या गॅरेजवाल्याला विकली, नावावर करून घेतो म्हणाला, मी मान डोलावली. दीड वर्षात सात चलानं आली. दोन हेल्मेटची, पाच चुकीच्या दिशेने जाण्याची. चालवणारा हौशी होता. कायदा इथे माझ्या बाजूने नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५०नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. मी काहीच कळवलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८मध्ये अपघाताच्या भरपाईसंदर्भात स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव, मालक तोच धरायचा. चलानं तशी किरकोळ, पण त्या स्कूटरने कुणाला उडवलं असतं तर?

फॉर्म २९ आणि ३० भरून, गॅरेजवाल्याच्या मागे महिनाभर लागून, मी ती एकदाची त्याच्या नावावर केली. त्याआधी सातही चलानं मलाच भरावी लागली. त्याने अर्धे पैसे दिवाळीत देतो म्हणून सांगितलंय. कोणती दिवाळी ते सांगितलेलं नाही.

पैसे गेले, चलान तसंच

बँकेतून पैसे वजा झाले आणि पोर्टलवर चलान प्रलंबितच, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, दोन-चार दिवस थांबा. व्यवहार फसला असेल तर पैसे परत येतात. दोन्ही झालं नाही तर व्यवहार क्रमांकासह तक्रार. बऱ्याचदा लोकांनी भरलेलं असतं एक चलान आणि बघत असतात दुसरं, तेव्हा आधी चलान क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा. कलम २००खाली तडजोडीची रक्कम भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कार्यवाही होत नाही, म्हणून ती पावती मी गाडीच्या विम्याच्या फायलीतच लावून ठेवतो.

कोर्टात निकाली निघालेल्या जुन्या प्रकरणाचा पुरावा हवा असेल, उदाहरणार्थ नोकरीच्या पडताळणीसाठी, तर ई-कोर्ट्सवरून छापलेलं पान सगळीकडे चालत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा लागतो. त्यात प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख लिहायची. या तिन्ही गोष्टी ई-कोर्ट्सवरून आधी लिहून नेल्यात तर कारकून एका दमात अर्ज घेतो. 'साधारण सात-आठ वर्षांपूर्वीचं' असं सांगितलंत तर तो शांतपणे घड्याळाकडे बघतो.

काकांनी नो-पार्किंगचं चलान माझ्यासमोर बसून भरलं. सीटबेल्टचे हजार रुपये आभासी न्यायालयात भरले आणि निकाली निघाल्याचं पान रंगीत छापून घेतलं. एमएच १४वाल्याच्या सिग्नलची तक्रार अजून 'विचाराधीन' आहे. काका रोज सकाळी चहाबरोबर ती स्थिती बघतात.